दरोडेखोराला पानसुपारी

दरोडेखोर दाराशी आला तर त्याला पाट मांडावा, पानसुपारी पुढे करावी, तिजोरीतली रक्कम मोजून त्याच्या हातात द्यावी आणि शेजाऱ्याला चाहूल लागू नये म्हणून दार हळूच लावून घ्यावे, असा उपदेश कोणी केला तर आपण त्याला वेड्यात काढू. पण गेली काही वर्षे नेमका हाच उपदेश आपल्याकडे मोठ्या गंभीर चेहऱ्याने केला जातो, आणि तो करणारी माणसे व्यवहारचतुर म्हणून गावात मान मिळवून आहेत! संगणकातले सगळे कागद कोणी परक्याने परस्पर कुलूपबंद केले आणि कुलूप काढण्याचे पैसे मागितले, की ही मंडळी कानाशी लागून सांगतात, "गाजावाजा करू नका. पैसे भरून टाका. मोकळे व्हा." सांगलीच्या पेठेत मी हे ऐकले, साताऱ्याला राजवाड्याजवळ चहा घेताना ऐकले, आणि एका शिक्षणसंस्थेच्या सभेत तर एका विद्वान गृहस्थाने ते इंग्रजीत सांगितले. इंग्रजीत सांगितल्याने त्यातला मूर्खपणा काही कमी झाला नाही.

मी संगणकशास्त्री नव्हे. मॅट्रिक झालेला शाळामास्तर आणि सुटीत कादंबऱ्या लिहिणारा माणूस. परंतु हल्ली माझी कादंबरीसुद्धा वहीत नसते, त्या पेटीत असते. शाळेचे दाखले, निकाल, पगारपत्रके सारे तिच्यातच. तेव्हा या दरोड्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, आणि ज्यांच्या घरी मुलांचे फोटो, मुलीच्या लग्नाची चित्रफीत किंवा दुकानाची खतावणी संगणकात आहे, त्या सर्वांनाच आहे.

प्रथम नावाचा घोळ. या प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात. रॅन्सम म्हणजे खंडणी; म्हणजे हे खंडणीचे हत्यार. पण आमच्याकडे त्याला सरसकट "व्हायरस" म्हणतात. देवी आल्या, पटकी आली, तसा व्हायरस आला! एकदा रोग म्हटला की तो दैवावर ढकलता येतो. कोणाला जाब विचारायला नको, आणि कोणी आपल्याला विचारायला नको. खरी गोष्ट अशी की रोगाला आपल्या तिजोरीत किती आहे याची चौकशी नसते. याला असते. याच्यामागे माणसे आहेत, त्यांची कामांची वाटणी आहे. एक हत्यार घडवतो, दुसरा ते भाड्याने घेऊन घर फोडतो, तिसरा पैशाची बोलणी करतो, आणि आलेली खंडणी ठरल्या हिश्श्याने वाटली जाते. आपल्या साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांची जशी आखणी असते, तशीच ही आखणी. फक्त तोडला जातो तो ऊस आपला नव्हे, आपण.

आता याची वागणूक पाहा. ती नीट कळली की "भरून टाका" या सल्ल्याचा निम्मा जोर आपोआप ओसरतो.

शिरकाव बहुधा अगदी सोज्वळ रूपात होतो. मार्चअखेरीच्या गडबडीत एक पत्र येते : "आपले थकलेले बिल सोबत जोडले आहे." किंवा "आपल्या जीएसटी खात्याबाबत नोटीस." कारकून ते उघडतो. आत बिल दिसते, किंवा काहीच दिसत नाही. "भलतेच काही" असे पुटपुटून तो पुढच्या कामाला लागतो. पुष्कळदा हे जनावर फुकटच्या मोहातून येते. सॉफ्टवेअर विकत घ्यायचे नाही म्हणून कोणाकडून तरी उचलून आणायचे, आणि त्याचे कुलूप फोडायला आणखी एक चोरटा प्रोग्रॅम आणायचा. कुलूप फोडणारा आपल्या घरात येऊन तेवढे एकच कुलूप फोडील आणि सज्जनासारखा निघून जाईल, हा विश्वास आपल्या लोकांत कोठून येतो कोण जाणे! तिसरी वाट म्हणजे घरी बसून कचेरीचे काम करता यावे म्हणून ठेवलेले मागचे दार. त्याचा परवलीचा शब्द काय, तर संस्थेचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

आत आल्यावर तो दंगा करीत नाही. कधी काही तास, कधी कित्येक दिवस, कधी आठवडेच्या आठवडे तो मुकाट्याने घर पाहत हिंडतो. मुख्य संगणक कोणता, त्याच्यावर हुकूम चालवण्याचा अधिकार कोणाकडे, हिशेब कोठे आहेत आणि त्या हिशेबांची दुसरी प्रत कोठे आहे, हे सारे तो शोधून काढतो. दुसऱ्या प्रतीवर त्याचा विशेष डोळा असतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. महत्त्वाचे कागद तो याच दिवसांत आपल्या धन्याकडे पाठवून देतो. कादंबरीकार या नात्याने मला या भागाचे भय वाटते. घरातली माणसे जेवत आहेत, हसत आहेत, पोरे अभ्यास करीत आहेत, आणि माळ्यावर एक माणूस बसून त्यांच्या चाव्यांचा जुडगा कोठे टांगला आहे ते टिपून घेत आहे.

मग मुहूर्त. शुक्रवारची संध्याकाळ, रविवारची पहाट, सणाची सुटी. कचेरीत चिटपाखरू नसते अशी वेळ. अमेरिकेत २०२१ साली त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुटीच्या तोंडावर असाच एक मोठा घाला पडला. आपली दिवाळीची चार-पाच दिवसांची सुटी या दृष्टीने काही वाईट मुहूर्त नाही.

कामाला लागल्यावर तो आधी पहारेकऱ्याला, म्हणजे व्हायरस अडवणाऱ्या प्रोग्रॅमला झोपवतो. हिशेबाचे चालू प्रोग्रॅम बंद करतो, कारण उघडी असलेली वही नीट कुलूपबंद करता येत नाही. विंडोजने आपल्या मनाने काही जुन्या प्रती गुपचूप जपून ठेवलेल्या असतात, त्या पुसतो. आणि मग एकेक कप्पा घेऊन पत्रे, फोटो, खतावण्या, नकाशे, जे जे माणसाला हवेसे वाटते ते ते वाचून त्याचा असा काही घोळ करून ठेवतो की कोणाला ते वाचता येऊ नये. फार मोठी फाइल असेल तर काही टोळ्यांचे हत्यार तिचे अधले मधले तुकडेच बिघडवते. तेवढ्याने काम भागते आणि वेळ वाचतो. तारेने जोडलेला शेजारचा संगणक, जोडून ठेवलेली डिस्क, तिथवर त्याचा हात पोचतो. मात्र खुद्द संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅमला तो बहुधा धक्का लावत नाही. पेटी सुरू झाली पाहिजे, पडदा उजळला पाहिजे. नाहीतर त्याची चिठ्ठी आपण वाचणार कशी?

सकाळी आपण पेटी सुरू करतो. फाइली सगळ्या जागच्या जागी आहेत, नावेही ओळखीची आहेत, फक्त प्रत्येक नावाला एक विचित्र शेपूट फुटले आहे. २०१७ च्या वॉनाक्राय नावाच्या हत्याराने मागे सोडलेले शेपूट "डब्ल्यू-एन-सी-आर-वाय" असे होते. फाइल उघडावी तर उघडत नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत आजोबांच्या पेटीत मोडीतले कागद असतात : कागद आहे, शाई आहे, मजकूर आहे, पण वाचणार कोण? तसेच हे. फरक एवढाच की मोडी वाचणारा साताऱ्यात शोधला तर सापडतो. ही लिपी त्या एका किल्लीवाचून जगातल्या सगळ्या संगणकांना एकत्र जुंपले तरी आपल्या हयातीत वाचून होणार नाही.

हे कसे, ते मी माझ्या मुलांना वर्गात सांगतो तसे सांगतो. एक कुलूप घ्या, जे दाबले की बसते. बसवायला किल्ली लागत नाही, काढायला लागते. चोराने अशी उघडी कुलपे गाडीभर आणली आणि किल्ली घरीच ठेवली. आपल्या घरात येऊन त्याने कपाटे बंद केली, कपाटांच्या किल्ल्या एका पेटीत टाकल्या आणि पेटीवर आपले ते कुलूप दाबले. आता चोर सापडला, त्याची झडती घेतली, तरी उपयोग नाही. किल्ली त्याच्या खिशात नाहीच. गणिताच्या या दुहेरी किल्लीचा शोध चांगल्या कामासाठी लागला. आपण फोनवरून पैसे पाठवतो ते याच विद्येच्या आधारावर सुरक्षित राहतात. १९८९ साली पहिली अशी खंडणी जोसेफ पॉप नावाच्या अमेरिकन पंडिताने मागितली, तेव्हा त्याच्यापाशी ही युक्ती नव्हती. त्याने एड्सविषयी माहितीच्या म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने जगभर धाडल्या. त्या वापरणाऱ्याने सुमारे ९० वेळा संगणक सुरू केला की फाइलींची नावे बिघडायची आणि १८९ डॉलर पनामातल्या एका टपालपेटीवर पाठवा असा हुकूम पडद्यावर यायचा. पण कुलूप आणि किल्ली एकच असल्यामुळे जाणकारांनी ते लगेच उघडले. टपालपेटीवर पैसे मागवणारा चोर म्हणजे पायाचे ठसे चुन्यात उमटवत जाणारा चोर! आताच्या चोराने दोन्ही त्रुटी भरून काढल्या. कुलूप दुहेरी किल्लीचे, आणि पैसे बिटकॉइनमध्ये, जेथे हिशेब सगळ्यांना दिसतो पण धन्याचे नाव दिसत नाही.

आणि चिठ्ठी! ती प्रत्येक कप्प्यात ठेवलेली असते. तिची भाषा सभ्य असते. काहींत तर आपल्याला "ग्राहक" म्हणून संबोधतात, एखादी फाइल नमुन्यादाखल फुकट उघडून देतात, अडचण आल्यास विचारा म्हणून खिडकी ठेवतात. शेजारी घड्याळ टिकटिकत असते. वॉनाक्रायने ३०० डॉलर मागितले होते. तीन दिवसांत न भरल्यास ६००, आणि सात दिवसांनंतर फाइली कायमच्या गेल्या, अशी धमकी होती. अलीकडे धमकी दुहेरी झाली आहे. किल्ली नको असेल तर ठीक, पण मग तुमच्या ग्राहकांची कागदपत्रे आम्ही चव्हाट्यावर मांडू. (एक रसिक मित्र मला म्हणाले, "आपले पूर्वजही चौथाई घेतच होते की!" त्यांना मी आठवण दिली की शाहू महाराजांच्या चौथाईला १७१९ ची बादशाही सनद होती, घेणाऱ्याचे नाव, गाव, शिक्का सगळ्यांना ठाऊक होता. या भामट्यांना आपल्या इतिहासात पाहुणा म्हणून बसवायचे कारण नाही.)

आता मुख्य मुद्दा. "भरून टाका, मोकळे व्हा." मोकळे होता येते काय?

२७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात, म्हणजे तासगावची द्राक्षे ज्या बंदरातून परदेशी जातात त्या आपल्याच बंदरात, मर्स्क या डॅनिश कंपनीच्या गटाकडे असलेला धक्का ठप्प झाला. नॉटपेट्या नावाचे हत्यार युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या आडून निघाले आणि पाहता पाहता जगभर पसरले. पडद्यावर रीतसर खंडणीची चिठ्ठी होती, ३०० डॉलरची. पुढे तपासणाऱ्यांना कळले की भरणाऱ्याची ओळख म्हणून जो लांबलचक आकडा पडद्यावर दिसत होता, तो नुसता आडमाप आकडा होता. त्यावरून किल्ली काढणे खुद्द चोरालाही शक्य नव्हते! खंडणी हा केवळ मुखवटा होता. नासधूस हाच हेतू. पैसे भरणाऱ्यांचे पैसे गेले आणि कागदही गेले.

बरे, खरा खंडणीखोर असला तर? २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या तेलवाहिनीच्या कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर भरले. किल्ली मिळाली. पण ती इतकी मंद चालली की कंपनीला आपल्याच राखून ठेवलेल्या प्रतींवरून काम उभे करावे लागले. २०२४ साली चेंज हेल्थकेअर या अमेरिकन आरोग्य कंपनीने २ कोटी २० लाख डॉलर दिले. टोळीच्या म्होरक्यांनी ते हडपले, हिस्सा न मिळालेल्या साथीदाराकडे कागद तसेच राहिले, आणि दुसऱ्याच टोळीच्या नावाने पुन्हा खंडणीची मागणी आली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ब्रिटिश पोलिसांनी इतर देशांच्या साह्याने लॉकबिट नावाच्या बड्या टोळीचे संगणक ताब्यात घेतले. तेव्हा, ज्यांनी पैसे भरले होते आणि "तुमची कागदपत्रे पुसली" असे वचन मिळवले होते, त्यांचीही कागदपत्रे तेथे जपून ठेवलेली आढळली. चोराच्या वचनावर विश्वास ठेवणाऱ्याला व्यवहारचतुर म्हणायचे असेल तर मराठी भाषेतला तो शब्द आपण दुसऱ्या कोणत्या तरी अर्थासाठी मोकळा केला पाहिजे.

एक गोष्ट मात्र कबूल. ज्याच्याजवळ दुसरी प्रत नाही आणि ज्याचे पोट त्या कागदांवर आहे, त्याच्यापुढचा प्रश्न मी बैठकीत लोडाला टेकून सोडवू शकत नाही. रुग्णालय असेल तर माणसांचे जीव टांगलेले असतात. अशाने नाइलाजाने पैसे दिले तर त्याला मी नावे ठेवणार नाही. माझे भांडण आहे ते नाइलाजाला शहाणपण म्हणून गावभर मिरवणाऱ्यांशी, आणि त्याहून अधिक त्या पहिल्या वाक्याशी : "गाजावाजा करू नका."

हे वाक्य आपल्या भागात फार खपते, कारण आपला भाग सहकाराचा. बँका, पतसंस्था, सोसायट्या, कारखाने; सगळे विश्वासावर उभे. चेअरमन म्हणतात, "मास्तर, बोंब झाली तर ठेवीदार सकाळी दारात रांग लावतील." भीती खोटी नाही. ज्यांनी बुडालेल्या संस्थांपुढच्या रांगा पाहिल्या आहेत त्यांना ती हसण्यावारी नेता येणार नाही. पण गप्प राहिल्याने काय होते ते मी स्वतः पाहिले आहे. एका संस्थेत, नाव घेत नाही, माझीही थोडी ठेव आहे. एके दिवशी खिडकीवर उत्तर मिळाले, "सर्व्हर डाऊन." पूर्वी "साहेब दौऱ्यावर आहेत" हे उत्तर जसे सर्वगुणसंपन्न होते, तसे हल्ली हे आहे. आठवडा गेला, दोन गेले. एक निवृत्त बाई औषधपाण्यासाठी स्वतःचेच पैसे मागायला तीनदा आल्या आणि तीनदा परत गेल्या. मग एकाएकी "पासबुक तपासणी मोहीम" निघाली : सर्वांनी आपापली पासबुके जमा करावीत. गावाला काय कळायचे ते कळलेच! संस्थेचे हिशेब कुलूपबंद झाले होते आणि त्यांची उरलेली एकमेव प्रत ठेवीदारांच्या ट्रंकेत होती. पहिल्याच दिवशी फळ्यावर खरे लिहिले असते तर तीच पासबुके लोकांनी दुसऱ्या दिवशी आणून दिली असती, आणि त्या बाईंच्या हातावर निदान उचल म्हणून काही ठेवता आले असते.

याउलट उदाहरण पाहा. ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर असा घाला पडल्यावर एनपीसीआय या देयक महामंडळाने तिला किरकोळ व्यवहारांच्या जाळ्यापासून तोडल्याचे त्याच दिवशी उघड सांगितले. देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांना याची झळ लागल्याचे वृत्तसंस्थांनी दिले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाल्याचेही जाहीर झाले. सांगितल्याने आभाळ कोसळले नाही. कलोनियलने लगेच पोलिसांना कळवले, म्हणूनच तिच्या ७५ बिटकॉइनपैकी ६३.७ बिटकॉइन अमेरिकन सरकारने महिन्याभरात परत मिळवले. गप्प बसणाऱ्याला हे कसे साधावे? आपल्याकडेही २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशाप्रमाणे कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी असा प्रकार उघडकीस आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवायचे आहे. सामान्य माणसाला १९३० हा दूरध्वनी आहे. म्हणजे "गाजावाजा नको" हा नुसता भित्रेपणा नसून पुष्कळ ठिकाणी नियमभंगही आहे.

चोराचे सर्वांत मोठे भांडवल आपली लाज आहे. सातारा आणि सांगली हे एकाच जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग. त्या जिल्ह्यात १९४३ नंतर नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा दरोडेखोरांचा बंदोबस्त हे त्याच्या पहिल्या कामांपैकी एक होते. खेड्यातला माणूस तोंड उघडू लागला तेव्हाच ते काम होऊ शकले. त्या माणसांच्या नातवंडांनी ईमेलवर आलेल्या निनावी चिठ्ठीला घाबरून दार लावून घ्यावे, हे मला तरी रुचत नाही.

सरकारी दप्तरही यातून सुटलेले नाही. २०२१ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर घाला पडला, एका रविवारच्या पहाटे. सातारा, कराड, इस्लामपूर, मिरज, कुपवाड इथल्या आपल्या औद्योगिक वसाहती ज्या महामंडळाच्या, तेच हे. ५०० कोटी मागितल्याच्या बातम्या झळकल्या. महामंडळाने सांगितले की चिठ्ठीत आकडा लिहिलेलाच नव्हता. कचेऱ्यांतले काम खोळंबले. पण त्याच निवेदनात एक वाक्य असे होते की काही प्रोग्रॅमांच्या राखीव प्रती वेगळ्या जाळ्यात ठेवलेल्या असल्याने त्यांना बाधा झाली नाही. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातही २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हाच प्रकार झाला. दोन आठवड्यांच्या आसपास केसपेपर हाताने लिहावे लागले, पाच सर्व्हर बाधित झाले. पण रुग्णांची माहिती बाधा न झालेल्या एका राखीव सर्व्हरवरून परत मिळाली, असे सरकारने संसदेत सांगितले.

वेगळी ठेवलेली दुसरी प्रत. ही गोष्ट सांगलीकराला दुसऱ्याने शिकवावी यासारखी शोकांतिका नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांकडे सरकू लागले की नदीकाठच्या पेठांतला व्यापारी आधी काय करतो? माल नंतर; चोपड्या वरच्या मजल्यावर. २००५, २०१९, २०२१, प्रत्येक पुराने हे शिकवले. हरिपूरच्या पेवांत २००५ साली पाणी शिरले तेव्हा सगळी हळद एका जागी ठेवणे म्हणजे काय ते कळले. आणि त्याच व्यापाऱ्याच्या दुकानात आज संगणकाची राखीव डिस्क असते कोठे? संगणकालाच जोडलेली, रात्रंदिवस! घराची दुसरी किल्ली त्याच दाराच्या खिळ्याला टांगावी तसे हे. मी वर म्हटले, आत शिरलेला चोर आधी दुसरी प्रत शोधतो; आपण ती त्याच्या ताटात वाढून ठेवतो. प्रत काढावी, तार काढावी, डिस्क घरी कपाटात न्यावी. आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती उघडून पाहावी, कारण न उघडलेली प्रत म्हणजे न चाखलेले लोणचे. बुरशी केव्हा धरली ते कळत नाही. खर्च किती? दिवाळीत फटाक्यांच्या धुरात जातो त्याहून फार नव्हे.

मर्स्कची पुढची हकीकत मोठी बोधप्रद आहे. त्यांच्या सगळ्या जाळ्याची नाडी ज्या सुमारे १५० संगणकांत होती, ते एकमेकांची प्रत होते. एक बिघडला तर दुसरा आहे, असा हिशेब. सगळे एकाच जाळ्यात, म्हणून सगळे एकाच वेळी पुसले गेले. शोध घेता घेता आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कचेरीत एक धड सापडला. कारण? घाला पडला त्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यातून तुटलेला होता! त्या एकावरून कंपनी पुन्हा उभी राहिली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने मांडावे लागले. भारनियमनाला इतकी वर्षे शिव्या देणाऱ्या आपणा सर्वांना ही गोष्ट ऐकून थोडे संकोचल्यासारखे व्हायला हरकत नाही. अर्थात वीजमंडळावर विसंबून चालणार नाही. हल्ली ती पूर्वीइतकी जात नाही.

आणखी एक खोड सांगतो, ती घराघरांत आहे. पडद्याच्या कोपऱ्यात "नवी सुधारणा उपलब्ध" अशी सूचना येते आणि आपण "नंतर" म्हणतो. वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला ते बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. घाला पडला १२ मे रोजी. मधले दोन महिने जगाने "नंतर" म्हणण्यात घालवले, आणि सुमारे १५० देशांतले २ लाखांवर संगणक कुलूपबंद झाले. चोरून आणलेल्या विंडोजला अशा सुधारणा घ्यायला लोक भितात, की चोरी उघडी पडेल. म्हणजे चोरीचा माल घरात ठेवायचा, पोलिसाला आत येऊ द्यायचे नाही, आणि दुसरा चोर आला की रडायचे!

आता लक्ष्मीपूजनाला पुष्कळ दुकानांत चोपडीशेजारी संगणकालाही हळदकुंकू वाहतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. ज्याच्यावर आपले पोट त्याला नमस्कार करावा. फक्त पूजेला बसण्यापूर्वी प्रत काढावी आणि दुकानाला सुटीचे कुलूप लावताना संगणकाची जाळ्याची तारही काढावी.

आणि हा अंक हाती पडेपर्यंत एखाद्याच्या पडद्यावर ती चिठ्ठी आलीच असेल तर? जाळ्याची तार तत्काळ काढा, वाय-फाय बंद करा. शेजारचे संगणक तरी वाचतील. पडद्याचा फोटो घ्या, १९३० ला कळवा, पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. घाईने सगळे पुसून संगणक "नवा" करून देणाऱ्या दुरुस्तीवाल्याला हात लावू देऊ नका. "नो मोअर रॅन्सम" म्हणून डच पोलीस आणि युरोपोल यांनी दोन कंपन्यांबरोबर २०१६ साली एक उपक्रम सुरू केला. तेथे पुष्कळ जुन्या कुलपांच्या किल्ल्या फुकट मिळतात. टेस्लाक्रिप्ट या टोळीने २०१६ च्या मे महिन्यात स्वतःच आपली मुख्य किल्ली जाहीर केली, गँडक्रॅबचे कुलूप २०१९ साली उघडले, रेव्हिलचे २०२१ साली. तेव्हा आज किल्ली नसली तरी ती कुलूपबंद डिस्क फेकू नका. तारीख आणि त्या शेपटाचे नाव कागदावर लिहून तो कागद तिला चिकटवा, आणि आजोबांच्या मोडी कागदांच्या पेटीत ती ठेवून द्या.